कोरांटीची बाजू

यंदा दिवाळीच्या मुहूर्तावर मला एक भांडण उकरून काढायचे आहे. वाचकहो, हातातली चकली खाली ठेवण्याचे कारण नाही. भांडण फुलाचे आहे.

आपल्या घरांपुढच्या बागा पाहा. मधोमध हिरवळ, फाटकावर ब्राझीलची बोगनवेल, वाफ्यात मूळचा मेक्सिकोचा झेंडू. पाहुण्यांबद्दल माझी तक्रार नाही. झेंडूवाचून दसरा मलाही सुना वाटतो. पण घरच्या माणसाला उंबऱ्याबाहेर उभे करून हा पाहुणचार कशासाठी? दिवाळीच्या सुमारास माळावर, बांधावर पिवळीधमक फुलणारी कोरांटी आपण ‘रान’ म्हणून उपटतो आणि तिच्या जागी लावलेल्या गवताला भर वैशाखात दोन वेळा पाणी पाजतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. ज्या मुलखात पिण्याचे पाणी आगगाडीने फिरले, तिथे गवताची ही मिजास मला तरी शोभेची वाटत नाही.

कोरांटीचे मागणे ते किती! पावसाळ्याच्या तोंडी फांदीचा वीतभर तुकडा मुरमाड जमिनीत खोचावा. पहिला उन्हाळा तेवढे अधूनमधून पाणी घालावे. मुळाशी मात्र तुंबू देऊ नये. पुढे ती वर्षानुवर्षे आपल्या बळावर जगते. बहर सरल्यावर छाटली की कमरेएवढी दाट राहते. वाळलेले बोंड तडकते आणि बी उडते, त्यामुळे शेजाऱ्यालाही न मागता रोप मिळते.

“काटे आहेत हो तिला!” एक गृहस्थ मला म्हणाले. त्यांच्या दारात गुलाब होता.

दुसरा आक्षेप, ती गावंढळ. अमरकोशाने तांबडीला कुरबक आणि पिवळीला कुरण्टक अशी वेगळाली नावे दिली आहेत. ‘मेघदूता’तल्या अलकानगरीच्या स्त्रिया केसांत कुरबक माळतात. यक्षांच्या बायकांना जे चालले, ते आमच्या सोसायटीच्या बाग-समितीला चालत नाही! दातदुखीवर जुनी माणसे तिचा पाला चघळत, म्हणून ती वज्रदंती. तेच नाव दंतमंजनाच्या डबीवर वाचून आपण पैसे मोजतो. झाड मात्र दारात नको.

हिरवळीच्या कडेची दहा हात पट्टी कोरांटीला द्यावी, असा अर्ज मी समितीकडे दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही. हिरवळीवरचे फवारे रोज सकाळी नेमाने सुरू होतात.