जनावराच्या डोळ्याची परीक्षा

पुष्करच्या असो वा सोनपूरच्या, कोणत्याही गुरांच्या बाजारात बैलाची पारख दातांपासून सुरू होते. जबडा उघडून दात मोजतात, खूर उचलून पाहतात, चार पावले चालवून चाल न्याहाळतात. डोळ्याकडे लक्ष जाते ते त्यात फूल पडल्यावर. पशुवैद्यकीय दवाखान्यातही पुष्कळदा याहून निराळे घडत नाही. डोळा लाल आहे, पाणी गळते आहे, एवढे पाहून मलमाची नळी हाती दिली जाते. ही रीत सोयीची असली तरी धोक्याची आहे.

डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलास स्वच्छमंडल म्हणतात. कडब्याचे कूस, शिंगाचा ओरखडा अथवा जंतुसंसर्ग यांमुळे त्यावर व्रण पडतो, आणि तो नुसत्या नजरेस दिसेलच असे नाही. अशा डोळ्यात स्टेरॉइडयुक्त मलम घातले की लाली उतरते, मालक समाधानाने घरी जातो, आणि इकडे व्रण खोल जात राहतो. स्वच्छमंडल फुटून डोळा कायमचा जाऊ शकतो. हे टाळावयास लागते ती फ्लुओरेसीन या रंगद्रव्याची एक कागदी पट्टी. ती सलाइनने भिजवून पापणीच्या आत टेकवावयाची व मग डोळा धुवावयाचा. स्वच्छमंडलाचा वरचा थर शाबूत असेल तर रंग वाहून जातो. जेथे तो खरवडला असेल तेथे हिरवा डाग उरतो. एवढी सोपी परीक्षा वगळून दिलेल्या औषधास उपचार म्हणणे कठीण आहे. (मालकाने आधीच तंबाखूचे पाणी किंवा मीठ डोळ्यात घातले असेल, तर ही परीक्षा अधिकच अगत्याची ठरते.)

परीक्षेच्या क्रमासही महत्त्व आहे. अश्रूंचे प्रमाण मोजावयाचे ते कोणताही थेंब घालण्यापूर्वी. बाहुलीचा प्रकाशास मिळणारा प्रतिसाद पाहावयाचा तो ती औषधाने विस्फारण्यापूर्वी. डोळ्यापुढे एकाएकी हात नेला असता जनावर पापणी मिटते की नाही, ही दृष्टीची जुनी कसोटी होय. परंतु हाताचा वारा लागला तर आंधळे जनावरही पापणी मिटते. उलट चार दिवसांचे वासरू नीट दिसत असूनही मिटत नाही, कारण ही प्रतिक्रिया अनुभवाने येते. भ्यालेल्या बैलाची बाहुली तर उजेडातही मोठीच राहू शकते. यास्तव दावे आवळण्यापूर्वी जनावरास मोकळे चालवून पाहावे.

हेल्महोल्ट्झने १८५१ साली डोळ्याचा तळ पाहण्याचे उपकरण जगापुढे ठेवले. ते हाताशी नाही ही सबब मात्र फार काळ चालणारी नाही. अंधारा गोठा आणि चांगली विजेरी यांनीही बरेच काही कळते. डोळ्यातील कृमीचेच उदाहरण घ्यावे. थेलाझिया हा कृमी अश्रू चाटणाऱ्या माश्यांमार्फत पसरतो व तिसऱ्या पापणीच्या आड राहतो. बधिर करणारा थेंब घालून ती पापणी उचलली तर तो चिमट्याने काढता येतो. सिटारिया हा कृमी मूळचा गुरांच्या उदरपोकळीतला, डासांमार्फत पसरणारा. घोड्याच्या शरीरात तो वाट चुकतो आणि कधीकधी डोळ्याच्या आतील पाण्यात पांढऱ्या दोऱ्यासारखा वळवळताना दिसतो. तेथे शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. दोघांतील हा भेद बाजूने धरलेल्या विजेरीच्या झोतात समजतो. मलमाच्या नळीवर तो लिहिलेला नसतो.

ज्या वर्षी हिरवा चारा मिळत नाही, त्या वर्षी वासरांना तिन्हीसांजेस अंगणातील अडथळ्यांमधून चालवून पाहणे अवश्य आहे. वाळलेल्या जुन्या वैरणीत ‘अ’ जीवनसत्त्वाचा मूलस्रोत असलेले कॅरोटीन फारच थोडे उरते. वासरू अंधुक उजेडात ठेचाळू लागले असता हे जीवनसत्त्व वेळीच दिले तर रातांधळेपणा हटतो. त्याच अभावामुळे वाढत्या वासराच्या कवटीतील अस्थिमार्ग अरुंद होऊन दृष्टीची नस चिरडली गेली, तर मात्र मागाहून कितीही औषध दिले तरी दृष्टी परत येत नाही.