कोयता आणि पुडी

जळोचीपासून भवानीनगरपर्यंतच्या ऊसपट्ट्यात दरवर्षी मराठवाड्यातून तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. खाडा झाला की दंड. या हिशेबात स्त्रीची पाळीही नुकसानीच्या खात्यात जाते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांवर महिलांची गर्भाशये काढल्याचे उघडकीस आले. मातृशक्तीचा जयघोष करणाऱ्या समाजाला ही शरमेची गोष्ट नव्हे काय?

दुसरीकडे, सुखवस्तू घरांत गर्भाशयातील गाठी ‘विरघळवणाऱ्या’ चूर्णांचा सुळसुळाट आहे. या गाठी बहुतांशी कर्करोगाच्या नसतात; त्रास नसल्यास अनेकींना केवळ देखरेख पुरते आणि रजोनिवृत्तीनंतर त्या सहसा आक्रसतात. श्रेय मात्र पुडीला! पालेभाज्या, कडधान्ये, आवळा जरूर खावा; पण आहाराने गाठ जाते, हे सिद्ध झालेले नाही. अतिस्रावाने खालावलेले रक्तही लोहाच्या गोळ्या व उपचारांवाचून सहसा भरून येत नाही. आयुर्वेदाचा अभिमान सांगणाऱ्यांनी तरी निदानाआधी औषध विकू नये.

सोनोग्राफी, हिमोग्लोबिनची तपासणी आणि शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत हा प्रत्येक स्त्रीचा हक्क आहे. तो उसाच्या फडापर्यंत पोहोचवणे, हीच खरी सेवा!