विश्लेषण : चार अल्बमचा करार, तरी सात वर्षांत एकही अल्बम नाही… गायिका रेचल कीनचे प्रकरण काय सांगते?

ब्रिटिश गायिका-गीतकार रेचल कीन हिला २०२४ च्या ब्रिट पुरस्कारांत ‘नवोदित कलाकारा’चा मान मिळाला. तोवर तिच्या पहिल्या कराराला दहा वर्षे होत आली होती. या विलंबात गाण्यांचा दोष नव्हता. दोष होता कराराच्या रचनेत, आणि म्हणूनच हे प्रकरण तिच्यापुरते उरत नाही.

नेमके काय घडले?

दक्षिण लंडनमधील क्रॉयडनमध्ये वाढलेल्या रेचलने २०१४ मध्ये, ऐन किशोरवयात, युनिव्हर्सल समूहातील पॉलिडोर कंपनीशी करार केला. ‘रे’ या नावाने ती गाऊ लागली. जॅक्स जोन्सबरोबरचे ‘यू डोन्ट नो मी’ आणि २०२१ चे ‘बेड’ ही दोन्ही गाणी ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. बियॉन्सेच्या ‘बिगर’ या गाण्याच्या लेखनातही तिचा वाटा आहे. म्हणजे आवाज चालत होता, लेखणीही चालत होती. छोटे गीतसंच निघाले, पण स्वतःचा पूर्ण अल्बम नाही. अखेर जून २०२१ मध्ये तिने ट्विटरवर जाहीरपणे सांगितले, की २०१४ पासून आपण चार अल्बमच्या करारात आहोत आणि एकही अल्बम काढू दिलेला नाही. कंपनीने खेद व्यक्त करत चर्चेची तयारी दाखवली. काही आठवड्यांतच दोघे वेगळे झाले.

चार अल्बमच्या करारात चार अल्बम का निघत नाहीत?

‘चार अल्बमचा करार’ या शब्दांतच गफलत आहे. कंपनी चार अल्बम काढेल, असा त्याचा अर्थ बहुधा नसतो. कंपनीने मागितले तर कलाकाराने चार अल्बम द्यायचे, असा असतो. पुढचा अल्बम घ्यायचा की नाही, कधी घ्यायचा, हा पर्याय कंपनीच्या हातात राहतो आणि तोवर कलाकार दुसऱ्या कुणासाठी ध्वनिमुद्रण करू शकत नाही. सुरुवातीला मिळणारी रक्कम ही उचल असते. स्टुडिओचा आणि व्हिडीओचा खर्चही बऱ्याचदा त्याच खात्यावर चढतो, आणि तो फिटेपर्यंत मानधनाचा वाटा हाती येत नाही. ऊसतोडीच्या उचलीशी ही तुलना ताणू नये; पण आधी घेणे फिटायचे, मग कमाई, ही हिशेबाची रीत ओळखीची वाटेल.

त्यात स्ट्रीमिंगची भर. एकेक गाणे सोडून आकडे पाहता येत असताना अल्बमवर पैसा कशाला लावायचा, असा कंपन्यांचा विचार असतो. ‘आकडे आले तर अल्बम’ या अटीवर आपल्याला ताटकळत ठेवले, हीच रेचलची तक्रार होती.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नाही. पैसा तिचा, बुडाला तर तिचाच. पण अल्बमवर विश्वास नसेल, तर कलाकाराला मोकळे करावे. काढायचाही नाही आणि सोडायचेही नाही, याला जोखीम म्हणत नाहीत, अडवणूक म्हणतात.

सुटल्यावर काय झाले?

तिने केवळ वितरणासाठी कंपनी निवडली आणि निर्णय स्वतःकडे ठेवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेले ‘एस्केपिझम’ टिकटॉकवर पसरले आणि जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. ‘माय ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी ब्लूज’ हा अल्बम ३ फेब्रुवारी २०२३ रोजी आला आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. लैंगिक अत्याचार, व्यसन, संगीत व्यवसायातील पुरुषी अरेरावी असे विषय त्यात आहेत. नाचाच्या तालावरचे पुढचे हिट गाणे हवे असणाऱ्याने हे मागितले नसते. मार्च २०२४ मध्ये तिला सहा ब्रिट पुरस्कार मिळाले. एका वर्षात इतके पुरस्कार त्याआधी कुणालाच मिळाले नव्हते. अल्बमचा पुरस्कार घेताना तिने आजीला मंचावर आणले होते.

अर्थात तिच्याकडे आधीच हिट गाणी होती, जाहीर बोलल्यावर ऐकणारे लोक होते. पहिलेच गाणे घेऊन आलेल्या विशीतल्या मुलीने असे ट्वीट केले असते तर?

भारतात कायदा काय सांगतो?

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या रचनेवरील गीतकार-संगीतकाराचा मानधनाचा समान वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. मात्र गाणे पडून राहण्याबाबत कॉपीराइट कायद्याचे कलम १९(४) पाहावे लागते. हक्क घेणाऱ्याने ते वर्षभरात वापरले नाहीत, तर त्या हक्कांचे हस्तांतरण संपुष्टात आले असे मानले जाते. पण त्याच कलमात पुढे ‘करारात अन्यथा नमूद नसल्यास’ अशी अट आहे. करार टंकून आणतो तो बहुधा हक्क घेणाराच, त्यामुळे सही करण्यापूर्वी ‘अन्यथा’ काय नमूद केले आहे ते शोधावे लागते.