विश्लेषण : संगमनेरी शेळीच्या दुधाचा हिशोब कधी होणार?

आठवडे बाजारात शेळीचा भाव ठरतो तो वजनावर. ती दूध किती देते, हे सहसा कुणी विचारत नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आहेत. पण त्यांच्याकडे पाहिले जाते ते मटण म्हणूनच. याचा फटका संगमनेरीसारख्या दुहेरी उपयोगाच्या जातीला बसतो.

संगमनेरी शेळी ओळखायची कशी?

अहिल्यानगर, नाशिक, पुणे हा तिचा पट्टा. रंग एकच नसतो. पांढरा, काळा, तपकिरी किंवा ठिपकेदार. केस आखूड व राठ, कान लोंबते, शिंगे मागे वळलेली. मादीचे वजन साधारण ३० किलो. कमी पावसाच्या भागात बाभळीच्या शेंगा आणि झाडपाल्यावर ती तग धरते. दूध दिवसाला अर्धा ते एक लिटर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या जातीवर संशोधन चालते.

मग दूध जाते कुठे?

करडांना आणि घरच्या चहाला. संगमनेर तालुका दूध संघासाठी प्रसिद्ध. पण तिथली संकलन व्यवस्था उभी राहिली ती गाईच्या दुधावर. शेळीच्या दुधाला मागणी येते ती डेंग्यूच्या साथीत, अव्वाच्या सव्वा भावाने. हे दूध प्यायल्याने प्लेटलेट वाढतात, याला ठोस वैद्यकीय पुरावा नाही. स्निग्धकण बारीक असल्याने ते पचायला हलके मानले जाते, एवढे खरे. मात्र ते उकळूनच प्यावे. त्यात फोलेट कमी असते, त्यामुळे तान्ह्या बाळाला आईच्या दुधाऐवजी देऊ नये.

जातीला धोका कशाचा?

सर्वांत धिप्पाड बोकड बकरी ईदच्या बाजारात आधी विकला जातो. पैदाशीला उरतो तो मागे राहिलेला, किंवा बाहेरच्या जातीचा उंच बोकड आणला जातो. त्याची आई किती दूध देत होती, याची नोंद कुणाकडेच नसते.

काय करता येईल?

राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळीपालनाला ५० टक्के भांडवली अनुदान मिळते. पण सर्वांत लहान गटच १०० शेळ्या आणि ५ बोकडांचा. चार-पाच शेळ्या राखणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग? तिच्या गावात जास्त दुधाच्या, जुळी देणाऱ्या शेळीचा एक नोंदणीकृत बोकड ठेवावा. दूध संघांनी चार-पाच गावांत मिळून शेळीच्या दुधाचा वेगळा कॅन सुरू करावा. यासाठी मोठा निधी लागत नाही.

शेळीला आपण ‘गरिबाची गाय’ म्हणतो. मग गाईच्या दुधासारखा तिच्या दुधाचाही हिशोब व्हायला हवा.