व्हिसा ड्रायव्हरचा, काम हमालाचे

आखातात नव्याने गेलेल्या मुलाचा पहिल्या आठवड्यातला फोन बहुतेक घरांत सारखाच असतो. "अम्मी, नीट पोहोचलो. रूम चांगली आहे. काम पण ठीक आहे." महिना-दीड महिन्याने पैसे येतात तेव्हा आकडा कमी असतो. विचारले तर उत्तर मिळते, "पहिला महिना आहे, पुढच्या महिन्यापासून पूर्ण येतील." पुढचा महिनाही तसाच जातो. मग कुणा गाववाल्याकडून कळते, की ड्रायव्हर म्हणून गेलेला मुलगा गोदामात माल उतरवतो आहे.

खेड, दापोली, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन या भागांतल्या आमच्या वाचकांना हे नवे नाही. कोकणातल्या मुसलमान वस्त्यांतली कितीतरी घरे आखाताच्या पैशावर उभी राहिली. त्यातली बहुतेक माणसे कष्टाची आणि इज्जतीची रोजी कमावून परतली. पण जाहिरातीत एक काम, हातात दुसरेच, असा अनुभवही अनेकांच्या वाट्याला आला, आणि त्याबद्दल आपण घरात मोकळेपणी बोलत नाही. म्हणून या महिन्यात आम्ही हाच विषय घेतला आहे.

फरक कुठे पडतो?

फरक नेहमी फसवणुकीनेच पडतो असे नाही. मुंबईच्या ऑफिसात ट्रेड टेस्ट घेताना एजंट "अठराशे रियाल" म्हणतो. तिकडे गेल्यावर कळते, की मूळ पगार बाराशेच आहे आणि उरलेले सहाशे ओव्हरटाईम मिळाला तरच मिळायचे. जेवण कंपनीचे सांगितलेले असते आणि मेसचे पैसे पगारातून कापले जातात. आठ तास सांगितलेले असतात, भरतात बारा.

याहून मोठा फरक व्हिसावर असतो. सौदीत 'सायक खास' म्हणजे घरच्या ड्रायव्हरचा व्हिसा. त्यावर गेलेल्याला कंपनीचा ट्रक दिला, की तो कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरा होतो. पोलिसाने इकामा पाहिला तर अडकतो तोच. 'फ्री व्हिसा' किंवा 'आझाद व्हिसा' तर कायद्यात नाहीच. कफीलला ठरलेली रक्कम द्यायची आणि काम आपले आपण शोधायचे, अशी ती तोंडी व्यवस्था असते. व्हिजिट व्हिसावर पाठवून "तिथे गेल्यावर कामाचा करून देऊ" असे सांगितलेल्या माणसाच्या हातात तर करारही नसतो.

पहिली गोष्ट : घरी खरे सांगा

कंपनीशी काय बोलायचे हे नंतर पाहू. आमच्या मते पहिले काम घरी खरे सांगण्याचे आहे, आणि नेमके तेच सर्वांत उशिरा होते.

मुलगा का लपवतो हे आपल्याला ठाऊक आहे. निघताना दुआसाठी सगळी बिरादरी जमलेली असते. अम्मीच्या बांगड्या गहाण असतात, मामूंनी हातउसने दिलेले असतात. अशा वेळी "मला हमाली करावी लागते" हे शब्द तोंडातून निघत नाहीत. दरम्यान घर जुन्याच आकड्यावर चालत राहते. बहिणीचे लग्न अठराशे रियाल धरून ठरते. स्लॅबचे काम सुरू होते. दुकानाची उधारी वाढते. मुलगा मग शरमेपोटी रूम पार्टनरकडून पैसे उचलून घरी पाठवतो, आणि एका कर्जाची दोन कर्जे होतात.

आपण एक हिशेब मांडून पाहू. जाण्यासाठी दीड लाख कर्ज काढले आहे आणि घरखर्चाला महिना दहा हजार लागतात, असे समजा. रियाल २२ रुपयांचा धरू. ठरल्याप्रमाणे १,८०० रियाल आणि जेवण मिळाले असते, तर ३०० स्वतःला ठेवून १,५०० पाठवता आले असते. म्हणजे ३३,००० रुपये. घरखर्च वजा जाता २३,००० कर्जाला, आणि सातव्या महिन्यात कर्ज फिटले असते. प्रत्यक्षात १,२०० मिळतात, मेसचे ३०० आणि वरखर्चाचे २०० जाऊन ७०० उरतात. त्याचे १५,४०० रुपये. घरखर्च वजा जाता कर्जाला ५,४००. व्याज धरले नाही तरी कर्ज फिटायला २८ महिने लागतील, आणि करार असतो दोन वर्षांचा!

हा हिशेब पहिल्याच महिन्यात घरात मांडला गेला, तर लग्न सहा महिने पुढे ढकलता येते, स्लॅब थांबवता येतो, मामूंशी बोलता येते. आठव्या महिन्यात मांडला, तर यातले काहीच हातात राहत नाही. पुन्हा हिशेब मांडायला आणि पुढे तक्रार करायलाही घरच्यांना खरी परिस्थिती माहीत असावी लागते.

घरच्यांचीही यात एक जबाबदारी आहे. मुलाने धीर करून सांगितले आणि पलीकडून "लोक काय म्हणतील?" असे ऐकू आले, तर पुढच्या फोनपासून तो पुन्हा "सब ठीक है" म्हणू लागेल. अब्बांनी एवढेच म्हणावे, "बरे केलेस सांगितलेस. आता मिळून पाहू." त्याच्या बायकोला वेगळ्याने, पूर्ण सांगावे. घर तीच चालवते, आणि कुठला खर्च कमी करता येईल हे तिला सर्वांत आधी कळते.

कागद जपा

दुसरे काम कागदांचे. ऑफर लेटर, करार, व्हिसा, पासपोर्ट, इकामा, एजंटची पावती, या सर्वांचे फोटो काढून घरच्या फोनवर पाठवून ठेवावेत. एजंटशी झालेले व्हॉट्सॲपवरचे बोलणे पुसू नये. साधी वही घेऊन रोज कुठे काम केले, किती तास केले, पगार कधी आणि किती मिळाला हे लिहावे. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हीच वही कामी येते. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची ताकीद आहे. नोकरीच्या व्यवहारातही ती सवय आपल्याच हिताची आहे.

तिकडे पोहोचल्यावर दुसरा कागद सहीसाठी पुढे केला, तर तो वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. सौदीत अरबी मजकूर आणि दुसऱ्या भाषेतला मजकूर यांत फरक असला, तर अरबीच ग्राह्य धरला जातो. फोटो काढून अरबी जाणणाऱ्या माणसाला दाखवावा. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा. सौदी, अमिरात आणि कतार या तिन्ही देशांत मालकाने कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवणे नियमाविरुद्ध आहे.

कायदा काय म्हणतो?

आपल्या माणसांना वाटते, की परदेशात आपल्याला काहीच हक्क नाही. तसे नाही. सौदीच्या कामगार कायद्याचे ३८ वे कलम सांगते, की परक्या कामगाराला त्याच्या परवान्यावर लिहिलेल्या कामाखेरीज दुसऱ्या कामाला लावता येत नाही. ६० व्या कलमानुसार ठरलेल्यापेक्षा मुळातच वेगळे काम लेखी संमतीशिवाय देता येत नाही. अडीनडीला देता येते, तेही वर्षातून तीस दिवसांपर्यंतच. कामाच्या अटींबाबत फसवणूक झाली, किंवा संमतीशिवाय मुळातच वेगळे काम दिले, तर नोटीस न देता काम सोडण्याचा आणि आपले हक्काचे पैसे मागण्याचा अधिकार ८१ वे कलम देते.

अमिरातीत नोकरीआधी सरकारी नमुन्यातले ऑफर लेटर द्यावे लागते आणि नंतरचा करार त्याच अटींवर व्हावा लागतो. हे लेटर हिंदी आणि उर्दूतही मिळते. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या ना-हरकतीची अट काढली, आणि २०२१ पासून किमान पगार १,००० रियाल केला. मालकाने राहणे आणि जेवण दिले नाही, तर त्यासाठी अनुक्रमे ५०० आणि ३०० रियाल वेगळे द्यावे लागतात. सौदीतही मार्च २०२१ पासून कंपनीच्या कामगाराला एक वर्षानंतर मालकाच्या संमतीविना नोकरी बदलता येते.

यात एक मोठी मेख आहे. घरचा ड्रायव्हर, खानसामा, माळी, मोलकरीण अशा घरगुती व्हिसावर गेलेल्यांना सौदीचा सर्वसाधारण कामगार कायदा लागू होत नाही. त्यांचे नियम वेगळे आहेत, आणि २०२१ ची ती सवलतही त्यांना नाही. म्हणून घरगुती व्हिसावर कंपनीत काम करणाऱ्याची बाजू सर्वांत कमजोर असते.

आणि एक गोष्ट आम्ही बजावून सांगतो : रागाच्या भरात काम सोडून पळू नये. कफीलने 'हुरूब' लावला, म्हणजे पळून गेल्याची नोंद केली, की फिर्यादीच आरोपी होतो. आधी तक्रार नोंदवावी, मग बाहेर पडावे.

तक्रार कुठे करावी?

आधी सुपरवायझर किंवा कंपनीच्या ऑफिसला शांतपणे, लेखी विचारावे. मेसेजही चालेल. कधी कधी खरेच जागा रिकामी नसते आणि दोन महिन्यांत ठरलेले काम मिळते. तारीख मागावी आणि ती वहीत लिहून ठेवावी. ती उलटली तर तिथल्या कामगार खात्याकडे आणि भारतीय दूतावासाकडे जावे. आपल्या सरकारच्या 'मदद' पोर्टलवर घरची माणसेही तक्रार नोंदवू शकतात. दुबई, रियाध आणि जेद्दाह येथे प्रवासी भारतीय सहायता केंद्रे आहेत. अडकून पडलेल्या गरजूंना आसरा, कायद्याची मदत किंवा परतीचे तिकीट देण्यासाठी दूतावासाकडे वेगळा कल्याण निधी असतो.

एजंटलाही सोडू नये. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्याला सरकारी परवाना लागतो, आणि पाठवलेल्या माणसाशी करार पाळला जातो की नाही, याची जबाबदारी त्याच्यावरही येते. परवानाधारक एजंटविरुद्ध 'ई-मायग्रेट' पोर्टलवर किंवा प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयात तक्रार करता येते. बिनपरवान्याचा असेल तर पोलीस ठाण्यात जावे. तो बिरादरीतला आहे म्हणून गप्प बसलो, तर पुढच्या मोसमात तो शेजारच्या मुलालाही तसाच पाठवील.

राहायचे की परतायचे?

इकामा झाला नाही, पगार दोन-दोन महिने थकतो, काम जिवाला धोक्याचे आहे, किंवा व्हिसा व्हिजिटचा आहे, असे असेल तर "थोडे दिवस काढ" असा सल्ला घरच्यांनी देऊ नये. परतीचा मार्ग पाहावा.

पगार वेळेवर येतो, इकामा कंपनीचाच आहे, फक्त काम हलके किंवा पगार कमी आहे, असे असेल तर मुदत ठरवून राहण्यात शहाणपण असू शकते. वर्ष भरल्यावर बदली करता येईल का, तोवर फोर्कलिफ्टचे किंवा जड वाहनाचे लायसन्स काढता येईल का, हे पाहावे. हमालाचे काम करणारा ड्रायव्हर लायसन्स हाती आले की ड्रायव्हर म्हणून दुसरीकडे जाऊ शकतो.

ठरवताना गेलेला पैसा मोजू नये. दीड लाख राहिले तरी गेलेले आहेत, परतले तरी गेलेले आहेत. पुढच्या बारा महिन्यांत तिथे किती उरेल आणि इथे गाडी चालवून किती उरेल, हे दोनच आकडे शेजारी शेजारी लिहावेत. इथला आकडा मोठा निघाला तर मुलाला परत बोलवावे. तो परत आला तर चार दिवस मोहल्ल्यात चर्चा होईल. त्या चार दिवसांत घरच्यांनी त्याच्या बाजूने उभे राहावे, एवढीच आमची विनंती.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

एजंटचा परवाना 'ई-मायग्रेट'वर तपासा. तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढीच सेवा फी घेऊ शकतो, तीही पावती देऊन. मूळ पगार किती, जेवण कुणाचे, तास किती, हे करारावर वेगवेगळे लिहिलेले पाहा. प्रवासी भारतीय बीमा योजनेचा कागद घरी ठेवा.

आणि ज्यांचा मुलगा, शौहर किंवा भाऊ नुकताच गेला आहे, त्यांनी पुढच्या फोनवर "कसा आहेस?" याच्या जोडीला तीन प्रश्न विचारावेत : इकाम्यावर कोणते काम लिहिले आहे? पासपोर्ट कुणाकडे आहे? मेसचे पैसे कापून गेल्या महिन्यात हातात किती आले? उत्तर काहीही येवो, आवाज चढवू नका. त्याला बोलू द्या.