‘बरं आहे’ या उत्तरावर विसंबू नका

मुरबे, सातपाटीच्या कर्करुग्णाची वाट बहुधा पालघर स्टेशनवरून परळच्या टाटा रुग्णालयात जाते. दाखल झाल्यावर ताप, नाडी, रक्तदाब ठरल्या वेळी टिपला जातो. वेदना, मळमळ, धाप, उडालेली झोप मात्र विचारलं तरच कळते. राउंडला ‘कसं वाटतंय?’ विचारलं, की आपला माणूस ‘बरं आहे’ म्हणून मोकळा होतो. म्हणून रोज 0 ते 10 मध्ये प्रत्येक त्रासाला आकडा मागावा. कॅनडातल्या एडमंटनची अशी तक्रारींची पट्टी 1991 पासून वापरात आहे. अमेरिकेत 766 रुग्णांच्या चाचणीत, लक्षणं नियमित कळवणारे मध्यकानुसार 31.2 महिने जगले, इतर 26. हे निष्कर्ष 2017 साली आले.

पण त्या चाचणीतले रुग्ण बाह्यरुग्ण होते, हा आक्षेप रास्त आहे. दाखल रुग्णांवरच्या पुढच्या चाचणीत ठळक फायदा दिसलाही नाही. मला त्याचा अर्थ इतकाच वाटतो, की नुसता आकडा कुणाचं दुखणं थांबवत नाही. सात आला तर त्याच दिवशी त्रास कमी करणाऱ्या उपशामक विभागाला बोलावणं बंधनकारक हवं. टाटा रुग्णालयात असा विभाग 1996 पासून आहे. ‘उपशामक’ म्हटलं की नातेवाइकांना डॉक्टरांनी हात टेकले असं वाटतं (शब्दच तसा कोरडा), पण ही सेवा उपचारांसोबतही चालते. नर्सवर आणखी एक तक्ता लादायचा का? तापाच्या तक्त्यातच एक रकाना वाढवा. आणि 2014 च्या अमली पदार्थ कायद्यातल्या दुरुस्तीने मिळवणं सोपं केलेलं वेदनाशामक मॉर्फिन पालघरातच मिळू द्या. गोळ्या संपल्या म्हणून पुन्हा लोकल पकडायला लावू नका.