पुढचं शीड कोणतं?

भिलाईत पोलाद आहे, समुद्र नाही. तरी ‘तारिणी’चा फोटो पाहून आमच्या धाकटीने विचारलेच, ‘‘बाबा, पुढे दोन शिडं कशाला? एकच मोठं पुरे की!’’

प्रश्न रास्त होता. गोव्यात बांधलेल्या या ५६ फुटी नौकेतून नौदलाच्या सहा महिलांनी २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. हलक्या वाऱ्यात मोठे शीड उत्तमच. वारा वाढला की ते पुढच्या तारेभोवती गुंडाळून लहान करतात. पण फार गुंडाळले तर उरलेल्या कापडाला पोट सुटते. नौका पुढे जाण्याऐवजी कलतच राहते. म्हणून दूर जाणारे डोलकाठीच्या जवळ आणखी एक तार ताणतात आणि तिच्यावर जाड कापडाचे छोटे शीड चढवतात. वादळात नौकेच्या टोकापर्यंत सरपटत जावे लागत नाही, शिवाय डोलकाठीला एक आधार वाढतो. दिशा बदलताना मोठे शीड या तारेत अडकते, हे खरे. तेवढा त्रास सोसावा, असे मला वाटते.

अर्थात तारांनाही मर्यादा असतेच. २०१८ मध्ये हिंदी महासागरातील वादळात अभिलाष टॉमी यांची ‘तुरीया’ उलटली, डोलकाठी मोडली. पाठीला जबर मार लागलेल्या टॉमींची तीन दिवसांनी सुटका झाली. त्याच शर्यतीत २०२३ मध्ये ते दुसरे आले!

‘‘मग मोठं शीड घ्यायचंच नाही?’’

‘‘घ्यायचं. पण आधी आतली तार.’’

‘‘आणि समुद्र?’’ स्वयंपाकघरातून प्रश्न आला.